शेवटचा निकाल नसलेला खटला

दिवाणी न्यायालयात एकदा निकाल लागला आणि अपिलाचे मार्ग संपले, की तो वाद कायमचा मिटला. तेच पक्षकार, तोच मुद्दा घेऊन पुन्हा कोर्टाची पायरी चढू शकत नाहीत. बांधाचा वाद असो, घरभाड्याचा असो की वडिलोपार्जित वाटणीचा, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं अकरावं कलम सांगतं की आता पुरे. सगळी न्यायव्यवस्था या नियमावर उभी आहे. निकाल पक्का नसेल, तर न्याय मिळाला असं कोणाला म्हणताच येणार नाही.

आणि तरीही त्याच न्यायालयांतून रोज असे हुकूम निघतात ज्यांना शेवट नाही. विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी मूल कोणाकडे राहील, दुसऱ्याला ते कधी आणि किती वेळ भेटेल, हे सांगणारे हुकूम. हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाखाली न्यायालय असा हुकूम पुढे बदलू शकतं, थांबवू शकतं, मागेही घेऊ शकतं. घटस्फोट होऊन पाच वर्षं उलटली असली तरी. दोघांनी आपखुशीने संमतीच्या अटींवर सह्या केल्या असल्या तरी. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे: ताब्याचा हुकूम स्वभावतःच तात्पुरता असतो.

कारण इतकं साधं आहे की वाचताना थबकायला होतं. मूल वाढतं. दीड वर्षाच्या बाळासाठी जे योग्य ते दहा वर्षांच्या मुलीला जाचतं, आणि पंधराव्या वर्षी तिला स्वतःचं मत असतं, क्लास असतात, मैत्रिणी असतात. आईची बदली होते, वडील दुसरं लग्न करतात, सांभाळणारी आजी अंथरुणाला खिळते. ज्याच्यासाठी निकाल द्यायचा ते माणूसच अजून घडतं आहे, म्हणून कायद्याने आपला सर्वांत लाडका नियम या एका जागी बाजूला ठेवला. मला कायद्याच्या पुस्तकांत याहून सुंदर तडजोड सापडलेली नाही.

पण इथवर यायला फार वेळ लागला. १८०४ साली लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयापुढे द मॅनव्हिल नावाच्या दांपत्याचं प्रकरण आलं. नवरा-बायको वेगळे राहत होते आणि नवऱ्याने आठ महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ आईपासून हिसकावून नेलं होतं. आईने दाद मागितली. न्यायालयाने उत्तर दिलं की कायद्याने ताब्याचा हक्क बापाचाच आहे. बाळ दूध कोणाचं पिणार, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत बसतच नव्हता, कारण कायद्यापुढे प्रश्न एकच होता: मूल कोणाचं? आणि उत्तर ठरलेलं होतं.

त्या उत्तराला पहिली मोठी चीर पाडली कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने. नवऱ्याने तीन मुलगे तिच्यापासून तोडले, तेव्हा तिने पत्रकं लिहिली, खासदारांना गाठलं, आणि सार्जंट टालफोर्ड यांनी मांडलेलं विधेयक १८३९ मध्ये कायदा होऊन आलं. आईला सात वर्षांपर्यंतच्या मुलांचा ताबा मागता येईल, त्याहून मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगी मागता येईल, एवढीच सोय. मुलाला भेटण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो, ही आज आपल्याला सहज वाटणारी गोष्ट तिथे पहिल्यांदा कागदावर उतरली. खुद्द नॉर्टनबाईंना त्याचा उपयोग झाला नाही. नवऱ्याने मुलं स्कॉटलंडला नेली होती आणि हा कायदा तिथे चालत नव्हता. धाकटा मुलगा १८४२ मध्ये घोड्यावरून पडून दगावला, आणि आई पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

याच्या पुढची कथा आपल्याला जवळची आहे, कारण तिची नायिका पुढे भारतात आली, काँग्रेसची अध्यक्ष झाली. ॲनी बेझंट. धर्मगुरू असलेल्या नवऱ्यापासून १८७३ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. करार झाला, मुलगा डिग्बी वडिलांकडे, मुलगी मेबल आईकडे. पुढे बेझंटबाईंनी नास्तिक विचारांचा उघड प्रचार केला आणि संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. त्याचा आधार घेऊन नवऱ्याने मेबल परत मागितली. १८७८ मध्ये बेझंटबाई वकील न देता स्वतः उभ्या राहिल्या. बाई स्वतःची बाजू स्वतः मांडते, याचंच न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांना नवल वाटलं. निकाल विरुद्ध गेला. मेबल तेव्हा सात वर्षांची होती. आई म्हणून बेझंटबाईंत कसलीही कसूर कोणी दाखवली नव्हती, तरी अशा मतांच्या बाईकडे मुलगी राहणं बरं नाही असं ठरलं. वरच्या न्यायालयाने भेटीची मुभा दिली. पण त्या भेटींनी मुलांची ओढाताण होते हे पाहून बेझंटबाईंनी भेटणंच थांबवलं. मोठी झाल्यावर दोन्ही मुलं आपणहून आईकडे आली.

आता पस्तीस वर्षं पुढे, मद्रासला या. थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यारच्या आवारात नारायणय्या नावाचे विधुर गृहस्थ राहत होते. त्यांनी १९१० मध्ये आपल्या दोन मुलांचं पालकत्व बेझंटबाईंना लिहून दिलं. थोरल्याचं नाव जिद्दू कृष्णमूर्ती. बेझंटबाईंनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेलं, बापाचं मन बदललं, आणि १९१२ मध्ये त्यांनी मुलं परत मिळावीत म्हणून दावा लावला. बेझंटबाई पुन्हा स्वतःच उभ्या राहिल्या. मद्रासला हरल्या, अपिलात हरल्या, आणि १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये जिंकल्या.

निकालाची कारणं वाचण्यासारखी आहेत. दावा मुळात चिंगलपुटच्या जिल्हा न्यायालयात लावला होता, आणि मुलं इंग्लंडात राहत असताना त्या न्यायालयाला त्यांच्याबद्दल हुकूम देण्याचा अधिकारच नव्हता, हे एक. दुसरं जास्त मोलाचं: मुलांना समुद्रापलीकडून परत आणण्याचा हुकूम देताना त्यांची बाजू कोणी मांडली नव्हती, त्यांना काय हवं हे कोणी विचारलं नव्हतं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की बापाचं पालकत्व ही एक पवित्र जबाबदारी आहे. बाप ती काही काळ दुसऱ्यावर सोपवू शकतो, पण ती कायमची देऊन टाकता येत नाही. म्हणजे बापाचा अधिकार मान्य, आणि तरी मुलांना विचारल्यावाचून हुकूम नाही. मतांसाठी जिची मुलगी काढून घेतली गेली, त्याच बाईच्या खटल्यात, एका आयुष्याच्या अंतरात, न्यायालयाची नजर बापावरून मुलाकडे वळायला लागली होती. हा निकाल भारतातल्या न्यायालयांत पुढे अनेक वर्षं दाखला म्हणून सांगितला गेला.

आपल्याकडचा मूळ कायदा त्याआधीचा, १८९० चा, पालक आणि पाल्य कायदा. तो आजही चालू आहे आणि सर्व धर्मांच्या लोकांना त्याखाली अर्ज करता येतो. त्याच्या सतराव्या कलमात एक ओळ आहे जी मला नेहमी पुढे वाचू देत नाही. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालयाने त्याची पसंती विचारात घ्यावी. वय दिलेलं नाही. सात, नऊ, बारा असा आकडा टाकणं सोपं होतं, पण कायदा करणाऱ्यांनी ते न्यायाधीशाच्या डोळ्यांवर सोडलं. उलट त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात, बाप हयात आणि लायक असताना न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये असं लिहिलं होतं. तिथे बापाच्या जोडीला आई यायला २०१० उजाडलं.

१९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा असाच दोन तोंडांचा आहे. सहावं कलम म्हणतं, मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सर्वसाधारणपणे आईकडे राहावं. तेरावं कलम म्हणतं, मुलाचं कल्याण सर्वांत वर. या दोन कलमांची टक्कर एका रोख्यावरून झाली. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. नवऱ्याची पूर्ण संमती होती. बँकेने अर्ज परत केला: वडिलांची सही आणा. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये निकाल आला की बाप मरेपर्यंत आईने थांबावं असा या कलमाचा अर्थ लावला तर तो राज्यघटनेतल्या समानतेला बाधक होईल. बाप लक्ष घालत नसेल, दूर असेल, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर बाप हयात असतानाही आई पालक आहे. कलमाचे शब्द मात्र अजून तेच आहेत. ते बदलायला हवेत असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येक आईने आपला हक्क एका निकालाचा हवाला देऊन सिद्ध का करावा?

इथे थोडं थांबून एक फरक सांगायला हवा, कारण कोर्टाबाहेर तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पालकत्व वेगळं, ताबा वेगळा, भेट वेगळी. सातबारा उताऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं आणि त्यापुढे आईचं किंवा वडिलांचं नाव असतं. ते पालकत्व: मुलाच्या वतीने सही करणारा माणूस. त्यालासुद्धा मुलाच्या स्वतःच्या नावावरची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ताबा म्हणजे मूल रात्री कोणाच्या घरी झोपतं, दप्तर कोण भरतं. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मिळते ती भेट. कोर्टाच्या आवारात तिला सगळे ‘ॲक्सेस’ म्हणतात.

ॲक्सेसचा हुकूम जवळून पाहा. कायद्याच्या कागदांत इतका घरगुती कागद दुसरा नसेल. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मूल रुळल्यावर शनिवारची रात्र, म्हणजे ‘ओव्हरनाइट ॲक्सेस’. मे महिन्याची सुटी अर्धी-अर्धी. दिवाळीत यंदा लक्ष्मीपूजन आईकडे आणि पाडवा वडिलांकडे, पुढच्या वर्षी उलट. गणपतीत दीड दिवस वडिलांच्या गावी. वाढदिवसाला शाळा सुटल्यावर दोन तास. मूल कोणत्या फाटकाशी सोडायचं आणि कोणी घ्यायचं, आजारी असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचं, औषधांची पिशवी आणि गृहपाठाची वही सोबत द्यायची. हे सगळं टाइप करून, न्यायालयाच्या शिक्क्यानिशी. शाळेचं गॅदरिंग आणि पालकसभा दोघांनाही खुली, हेही लिहावं लागतं. लिहिलं नाही तर त्यावरून अर्ज येतो.

वरवर पाहता हे कोर्टाच्या मोठेपणाला न शोभणारं वाटेल. मला उलट वाटतं. ज्या यंत्रणेकडे माणसाला फाशी देण्याची ताकद आहे, ती एका सहा वर्षांच्या मुलाच्या पाडव्याचा विचार करते, यात न्यायाचं सर्वांत कोवळं रूप आहे. याला कायद्यात जुना आधार आहे: जे स्वतःची काळजी घेऊ शकत नाहीत, त्यांचं पालकत्व शेवटी राज्याकडे असतं. म्हणून ताब्याच्या प्रकरणात न्यायाधीश दोन बाजू ऐकून एकाला जिंकवणारा पंच राहत नाही, तो स्वतः मुलाच्या बाजूने बसतो. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मुलं म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत.

मुलाशी बोलायचं तर न्यायाधीश आपल्या चेंबरमध्ये बोलतात, आईबाप आणि वकील बाहेर. तू कोणाकडे राहणार, असं शहाणा न्यायाधीश थेट विचारत नाही. शाळा कोणती, डब्यात काय आवडतं, झोपताना गोष्ट कोण सांगतं, शनिवारी कुठे जातोस, अशा वाटेने तो जातो. पढवलेलं मूल ओळखू येतं, कारण ते मोठ्यांची वाक्यं बोलतं. एका पालकाने मुलाच्या मनात दुसऱ्याबद्दल पद्धतशीर विष कालवलं तर मुलाची पसंती खरी राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात सविस्तर लिहिलं आहे. म्हणून पसंती विचारात घेतली जाते, पण ती शेवटचा शब्द नसते. आणि याचं मला बरं वाटतं. आई की बाबा, याचा निवाडा करण्याचं ओझं मुलाच्या खांद्यावर कोणी टाकू नये.

हे सगळं ज्या इमारतीत चालतं, त्या कुटुंब न्यायालयांमागे एक नाव आहे जे आपल्याला आडनावामुळे तरी आपलं वाटेल: दुर्गाबाई देशमुख. राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई, रोहे-महाडकडच्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, संविधान सभेच्या सदस्य. १९५३ मध्ये त्या चीनला गेल्या, तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून आल्या, आणि आपल्याकडेही अशी वेगळी न्यायालयं हवीत असं त्यांनी मांडलं. कायदा व्हायला १९८४ साल उजाडलं. या कायद्यात पक्षकाराला वकील देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, न्यायालयाने आधी समेट साधायचा प्रयत्न करायचा असतो, समुपदेशक नेमायचे असतात, आणि कोणा एकाची इच्छा असेल तर कामकाज बंद दाराआड चालतं. मुंबईत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागा आहे, जिथे दुरावलेले आईवडील आपल्या मुलाला भेटतात. बाहेर पुकारे चालू असतात, तारखा पडत असतात. आत एखादे वडील मुलासमोर ठोकळे घेऊन बसलेले असतात आणि मूल किती वेळाने जवळ येईल याची वाट पाहतात.

प्रत्येक भांडण इतकं शांतपणे त्या इमारतीत पोहोचत नाही. कधी मूल पळवून नेलं जातं, आणि मग धावाधाव होते उच्च न्यायालयात, हेबियस कॉर्पससाठी. बेकायदा डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा हा अर्ज, तुरुंगांच्या भिंतींसाठी घडवलेला. तो आज पाळण्यातल्या बाळांसाठीही चालतो. २०१९ च्या महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात गरोदरपणातच आईला कर्करोग असल्याचं कळलं, बाळंतपणानंतर उपचार चालू असताना बाळ आईच्या माहेरच्या माणसांनी सांभाळलं, आणि आई गेल्यावर त्यांनी ते वडिलांकडे द्यायला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने बाळ वडिलांना दिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पण बाळाला एकदम परक्या घरात आल्यासारखं होऊ नये म्हणून, ज्यांनी ते जीव लावून सांभाळलं त्यांना वडिलांच्या घरी येऊन बाळाजवळ राहता येईल अशीही सोय केली. जिंकणं-हरणं इथे पुरत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

पाच वर्षांखालच्या मुलाबद्दलची २०१५ ची एक गोव्याची केस अशीच महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इतक्या लहान मुलाची आई आपण लायक आहोत हे सिद्ध करत बसणार नाही. ती नालायक आहे असं म्हणणाऱ्या बापाने ते सिद्ध करावं.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, लंडनजवळ राहणाऱ्या मराठी घरांसाठी प्रश्न आणखी अवघड होतो. मूल एका देशाचं नागरिक, आई दुसऱ्या देशात परतलेली, दोन न्यायालयांचे दोन हुकूम. अशा मुलांना लवकर मूळ ठिकाणी पाठवण्यासाठी १९८० चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपली न्यायालयं परदेशी हुकुमाला मान देतात, पण आधी मुलाचं हित स्वतः तपासतात. अशाच एका खटल्यात २०२० मध्ये न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या निकालाने एक नवी गोष्ट ठळक केली. भेट शक्य नसेल तिथे संपर्क हवा. दूरच्या पालकाला मुलाशी शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, व्हिडिओ कॉलवर का होईना. आईवडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, असं हा निकाल सांगतो.

हे एकदा मनात ठसलं की बऱ्याच भांडणांचा रंग बदलतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची, किंवा भेट मिळत नाही म्हणून फी भरायची नाही, हा सौदा आईवडील एकमेकांशी करतात आणि किंमत तिसराच मोजतो. पोटगी मुलाची आहे, भेटही मुलाचीच. न्यायालयं दोन्ही वेगळ्या ठेवतात, आणि ते बरोबर आहे.

विधी आयोगाने २०१५ मध्ये, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणावी असं सुचवलं. योग्य त्या प्रकरणांत मूल दोन्ही घरांत वाढावं, निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत. संसदेने तसा कायदा अजून केलेला नाही. न्यायाधीश आपापल्या अधिकारात असे हुकूम देतात, पण एका कोर्टात मिळतं ते दुसऱ्यात मिळेलच असं नाही.

तुमच्या ओळखीत कोणी या वाटेवर असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. मूल कोणाकडे, याआधी मुलाचा आठवडा कागदावर लिहून काढा: शाळा, खेळ, आजी-आजोबा, झोपेची वेळ. वकिलाकडे आणि समुपदेशकाकडे तोच कागद घेऊन जा. आणि पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. पुरुषांना सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि राष्ट्रीय मदत क्रमांक आहे १५१००.